सोमवारचा धूर

केस्टिलांच्या घरामागच्या सौनातून, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या लाकडी खोलीतून, सोमवारी सकाळी सातला धूर निघाला, आणि रस्त्याने जाणाऱ्या दोघातिघांनी तो पाहिला. त्या भागात सौना तापतो शनिवारी, फार तर बुधवारी. सोमवारी धूर दिसला की लोक गाडीचा वेग कमी करतात. कुणी आजारी असेल, किंवा कुणी गेलंही असेल.

आत तापलेल्या दगडांसमोर, खालच्या फळीवर, आर्वो केस्टिला दाराकडे तोंड करून बसला होता. वय पंच्याहत्तर. वरच्या फळीवर बसण्याइतका दम त्याच्यात राहिला नव्हता, पण त्याला तिथली धग हवी होती. धग म्हणजे घाम. नऊच्या आत त्याला अडीच-तीन पौंड घाम गाळायचा होता.

नऊ वाजता स्वयंपाकघरातल्या काट्यावर उभं राहायचं असायचं. काटा माजी सैनिकांच्या इस्पितळाने दिलेला. त्यावर पाय ठेवला की आकडा शंभर मैलांवर बसलेल्या एका परिचारिकेच्या पडद्यावर उमटायचा. आर्वोचं हृदय पंचवीस टक्क्यांवर आलं होतं. हृदय रक्त पुढे ढकलेनासं झालं की अंगात पाणी साठतं आणि वजन चढतं. आठवड्यात पाच पौंड चढले तर तिचा फोन, आणि फोन आला की इस्पितळातला पलंग. आर्वोला तो पलंग नको होता. बाकी सगळं चालेल, मरणसुद्धा चालेल, असं तो स्वतःला सांगायचा. सांगताना पाय मात्र हलत असायचे. ते कधीच थांबत नसत.

तो बटाट्याच्या शेतावर वाढला, मोठ्या सरोवराच्या काठी, जिथं वर्षातले सहा महिने बर्फामुळे जमीन दिसत नाही. एकोणिसाव्या वर्षी सैन्याचं पत्र आलं. व्हिएतनामच्या डोंगरात त्याला काम मिळालं ते ऐकण्याचं. रोज अंधार पडला की दोघांनी छावणीपासून तीनशे पावलं पुढे जाऊन गवतात बसायचं. सोबत एक रेडिओ. बोलायचं नाही. काही हललं तर बटण दोनदा दाबायचं. असे चार महिने. शेवटी शेवटी त्याला कळेना, आपण ऐकतो आहोत की कुणी आपल्याला ऐकतं आहे.

परत आल्यावरही ऐकणं बंद झालं नाही. त्याला रस्ते खात्यात बर्फाचा नांगर लावलेला ट्रक चालवायची नोकरी मिळाली, आणि एकतीस हिवाळे त्याने तो चालवला. पहाटे अडीचला निघायचं, लोक उठायच्या आत रस्ते मोकळे करायचे. झोप न येणं हा त्या खात्यात रोग नव्हता, ती लायकी होती. त्याच्यासारखा माणूस मिळणार नाही, असं साहेब म्हणायचा. उन्हाळ्यात मात्र पंचाईत व्हायची. बर्फ नाही, काम नाही. मग तो घरातल्या घरात फिरायचा. खिडकी, मागचं दार, पुढचं दार, पुन्हा खिडकी. त्याची बायको मार्लीन एकदा म्हणाली होती, "आपल्या घरातली जमीन नदीसारखी झिजलीये, वळणासकट."

हृदयाचं दुखणं पाच वर्षांपूर्वी निघालं. इस्पितळात हृदयाचे डॉक्टर तळमजल्यावर बसत आणि मनाचे डॉक्टर अंगणापलीकडच्या इमारतीत. तळमजल्यावर विचारायचे, "रात्री धाप लागून जाग येते का?" आर्वो सांगायचा, "येते, पण ती स्वप्नांमुळे." अंगणापलीकडे विचारायचे, "स्वप्नं पडून दचकून उठता का?" तो सांगायचा, "उठतो, पण ते हृदयामुळे." दोन्हीकडे माना डोलवल्या जायच्या. खोटं बोलतो आहोत असंही त्याला वाटत नसे. पहाटे तो छाती धरून उठायचा, तोंड उघडं, बुडणाऱ्यासारखं, तेव्हा छातीत भरलेलं पाणी सरोवराचं की त्या गवताचं, हे त्याला तरी कुठे कळत होतं?

त्या तळमजल्यावरच त्याला वेंडेल ट्रूडो भेटला होता. लाकूडतोड्या, त्याच युद्धातून आलेला. त्याचं हृदय तीस टक्के. "तुझं पंचवीस, माझं तीस," वेंडेल म्हणायचा. "दोघं मिळून पंचावन्न, म्हणजे एक धडधाकट हृदय. बाहेर कामावर घेतील आपल्याला, एकाच्या पगारात." गेल्या वसंतात एका रविवारी वेंडेल खुर्चीत बसल्या बसल्या गेला. सगळे म्हणाले, हृदय. घर आवरायला आर्वो गेला होता. गोळ्यांच्या डबीचे वारांचे कप्पे त्याने उघडून पाहिले, तर मंगळवारपासून रविवारपर्यंत सगळे भरलेले. त्याने डबी मिटली आणि कोटाच्या खिशात घातली. वेंडेलच्या बहिणीला काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून स्वतःच्या गोळ्या घेताना त्याचा हात मधेच थांबायचा, जणू कुणी हाक मारली असावी.

आणि ऑक्टोबरात ती गोष्ट घडली. पाणी काढायला त्याला भरती केलं होतं. खोली अशी की पलंगाची उशी दाराच्या बाजूला, दार पाठीमागे. दोन रात्री तो जागला, तिसऱ्या रात्री डोळा लागला. जागा झाला तेव्हा तो जमिनीवर होता, पलंगाच्या आड, आणि त्याच्या मुठीत एका म्हाताऱ्या मदतनीस बाईचं मनगट होतं. रक्तदाब मोजायला आलेली, छोट्या चणीची बाई. दिवे लागले, लोक धावले. दुसऱ्या दिवशी ती दिसली तेव्हा हाताला पट्टी होती. कुणी तक्रार केली नाही, कुणी रागावलं नाही. त्यानेच ठरवलं, इथं पुन्हा झोपायचं नाही. पुढच्या खेपेला मनगट नसेल, गळा असेल.

म्हणून सौना. महिन्याभरापूर्वी वजन चढायला लागलं तेव्हा सुचलेली युक्ती. सैन्यात वजनाच्या दिवसाआधी पोरं करायची तीच.

सोमवारी तो पावणेनऊला लालबुंद होऊन घरात आला. मार्लीन टेबलाशी वेलचीच्या पावाचे काप करत होती.

"सोमवारी सौना? कोण गेलं?"

"पाठ धरलीये."

"पाठ. शुक्रवारी गुडघा होता. उद्या काय, कान?"

"कानही दुखतो. तू बोलायला लागलीस की."

"काल माझ्या बहिणीकडे खारवलेला मासा तीनदा वाढून घेतलास, तेव्हा काही दुखत नव्हतं."

"तुझी बहीण वाढत होती. मी शेजारधर्म पाळला."

मार्लीनने त्याच्यापुढे अर्धा कप कॉफी ठेवली. डॉक्टरांनी तेवढीच सांगितली होती. आर्वो पंचा गुंडाळून काट्यावर चढला. हल्ली घामाने भागत नसे. त्याने डाव्या हाताची दोन बोटं खिडकीच्या कठड्यावर टेकवली आणि हलकेच भार दिला. मार्लीनची पाठ होती. एकशे अठ्ठ्याहत्तर. मग काट्याबरोबर मिळालेल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर प्रश्न उमटले. आज धाप जास्त आहे का? नाही. रात्री किती उशा घेतल्या? दोन. खरं म्हणजे तीन आठवडे तो खुर्चीतच बसून झोपत होता. आडवं झालं की छाती भरून यायची. पण जवळजवळ पन्नास वर्षं रात्री घरभर फिरणारा नवरा खुर्चीत झोपला, तर कुठल्या बायकोला नवल वाटणार? शेवटचा प्रश्न नेहमीचाच. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस मन उदास होतं? शून्य. ते बटण तो न वाचता दाबायचा.

अर्ध्या तासाने परिचारिकेचा फोन आला.

"मिस्टर केस्टिला, मी ओडेसा बोलतेय."

"बोला. आकडा चांगला आहे ना?"

"फारच चांगला. तीन आठवडे चांगला. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे अठ्ठ्याहत्तर. इतकं सरळ वजन मेलेल्या माणसाचंही नसतं. त्याचं तरी कमी होत जातं."

"मी शिस्तीचा माणूस आहे."

"मी बारा वर्षं सैन्यात काढली आहेत. वजनाच्या आदल्या दिवशी अंगाला प्लास्टिक गुंडाळून पळणारी पोरं मी उचलून आणली आहेत. मला शिस्त शिकवू नका." मग तिने विचारलं, "झोप कशी आहे?"

"नेहमीसारखी."

"नेहमीसारखी म्हणजे?"

"ते पलीकडच्या इमारतीतलं काम. तुम्ही तळमजल्याच्या."

"मी फोनवरची आहे, मला मजला नाही. बुधवारी नऊ वाजता व्हिडिओ लावा. तुम्ही काट्यावर, दोन्ही हात डोक्यावर, मला दिसतील असे. बायकोला फोन धरायला सांगा."

मंगळवारचा दिवस त्याला पुरेना आणि संपेनाही. तो लाकडं फोडायला गेला, पाच घाव घालून धापा टाकत ओंडक्यावर बसला. गॅरेजमध्ये जाऊन ट्रकचं तेल पाहिलं. परत येऊन दारं पाहिली. घोटे सुजून बुटात मावत नव्हते, नाडी सोडून चालत होता. बुधवारी हात डोक्यावर म्हणजे बोटं टेकवता येणार नाहीत. म्हणजे सगळं घामानेच काढावं लागणार. त्याने मनात बेरीज केली. काढायचे होते अकरा पौंड. एका तासात तीन, तर दोन तासांत सहा. राहिलेले पाच कुठून काढायचे, ते त्याने पुढे पाहिलंच नाही.

बुधवारी तो सातला सौनात शिरला. चुलीत दुप्पट लाकडं घातली आणि या वेळी हाताने आधार घेत वरच्या फळीवर चढला. दगडांवर पाणी टाकलं. वाफ नाकात शिरली, कातडी चुरचुरली. पहिली वीस मिनिटं बरी गेली. मग घाम यायचा थांबला. छातीत कुणीतरी बटण दाबत होतं. दोनदा, थांबून पुन्हा दोनदा. त्याला वाटलं, म्हणजे काहीतरी हललं आहे. पाहिलं पाहिजे. तो उभा राहिला, आणि दार उजवीकडून डावीकडे सरकलं.

गार लागलं तेव्हा डोळे उघडले. तो बर्फात पडला होता, उघडा, पंचा काखेखालून बांधलेला, आणि मार्लीन त्याच पंच्याची टोकं धरून बसली होती. तिची चप्पल कुठे गेली होती देव जाणे. पायमोजे ओले झाले होते. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईने त्याला उंबऱ्यावरून ओढून आणलं होतं.

"मी मरायला तयार आहे, असं तू मनात म्हणत असतोस," ती म्हणाली. तिलाही धाप लागली होती. "तुझ्या चेहऱ्यावर दिसतं. पण असं? भाजलेल्या बटाट्यासारखं?"

त्याला हसू आलं, आणि हसता हसता खोकला आला. खोकल्याबरोबर गुलाबी फेस बर्फावर पडला. दोघांनी तो पाहिला.

तिने त्याला आत आणलं, ब्लँकेट गुंडाळलं, खुर्चीत बसवलं. स्वतः समोर बसली. काही विचारलं नाही. बहुतेक म्हणूनच तो बोलला. मनगटाची गोष्ट सांगितली, ती पट्टी सांगितली. काट्याचं, खिडकीच्या कठड्याचं सगळं सांगितलं.

"घरी मला काही होत नाही," तो म्हणाला. "तुला मी कधी बोट लावलं नाही झोपेत. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. घरी मी बरा असतो, मार्लीन. तिथं तसा नसतो."

मार्लीनने ओले पायमोजे काढले.

"घरी तू बरा नसतोस," ती म्हणाली. "घरी मी दारात उभी असते."

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी तुला उठवायला मी कधी पलंगापर्यंत आलेय का? आठव. दारातून हाक मारते. आधी तुझं नाव घेते, मग माझं. तुझे डोळे उघडले, तू मला ओळखलंस, की मग आत येते."

त्याने आठवून पाहिलं. आर्वो, मी मार्लीन, सकाळ झाली. रोज, अठ्ठेचाळीस वर्षं. नवऱ्याला आपलं नाव सांगणारी बाई जरा विचित्रच, असं त्याला सुरुवातीला वाटलं होतं. मग सवय झाली.

"कधीपासून?"

"लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं ना, तेव्हापासून."

"ते तू बर्फावर घसरलीस."

"जुलै होता, आर्वो."

घड्याळात नऊला दहा कमी होते. आर्वोने हात ब्लँकेटखाली घेतले, जणू ते कुणाला दिसायला नकोत. अठ्ठेचाळीस वर्षं ज्या एका गोष्टीवर तो उभा होता, ती नव्हतीच. आणि तरीही ही बाई समोर होती, धड, पायमोजे पिळत.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू ट्रकमध्ये झोपला असतास. मला नवरा घरात हवा होता."

फोन वाजला. मार्लीनने तो हातात धरला. आर्वो उठला, ब्लँकेट खाली टाकलं, काट्यावर चढला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. एकशे एकोणनव्वद.

ओडेसा रागावली नाही. तिने त्याचे ओठ पाहिले, घोटे दाखवायला सांगितले. "मिसेस केस्टिला, रुग्णवाहिका बोलावतेय, तुम्ही गाडी काढू नका," ती म्हणाली. मग त्याला विचारलं, "कशाची भीती वाटते?"

हा प्रश्न पाटीवर नव्हता.

"झोपायची," तो म्हणाला.

"बरं. मग पलंग कसा हवा ते सांगा. मी लिहून घेते."

इस्पितळात ओडेसाने कळवलं होतं तसा पलंग लावलेला होता. उशी भिंतीकडे, दार समोर. हातात सुई खुपसली गेली, औषध सुरू झालं, आणि दुपारपर्यंत बाटलीमागून बाटली भरून पाणी निघालं. छाती हलकी झाली, तशी झोप डोळ्यांवर उतरायला लागली, आणि तशीच त्याची भीती वाढली. मार्लीन शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिला तो तीनदा म्हणाला, "तू जा, जेवून ये," आणि तीनदा म्हणाला, "लवकर ये." ती गेली. तो एकटा राहिला. पाय चादरीखाली चालतच होते.

दार उघडलं आणि ती आली, तीच मदतनीस बाई. छोट्या चणीची, पांढरे केस, छातीवर नावाची पट्टी: ओपल. हाताला आता काही नव्हतं.

आर्वो उशीला टेकून ताठ झाला. "तुम्ही येऊ नका," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला पाठवा."

"दुसरं कुणी नाही. दोघी सुट्टीवर आहेत, तिसरी चिडलेली आहे. तिच्यापेक्षा मी बरी."

"ऑक्टोबरात मी तुमचा हात…"

"मुरगळला. आठवडाभर दुखला." ती दाराशीच उभी होती. "तुम्हाला काय वाटतं, तुम्ही काय केलं त्या रात्री?"

"मारलं तुम्हाला."

"मारलं? तुम्ही मला खाली बसवलंत, पलंगाआड. तुम्ही पुढे, मी मागे, आणि सारखं म्हणत होतात, हलू नकोस, हलू नकोस. चौसष्टाव्या वर्षी माझं अंग असं वाकत नाही, म्हणून हात दुखला."

ती खरं बोलत होती की त्याचं मन राखत होती, हे त्याला कळेना. चेहऱ्यावरून तर समजत नव्हतं. त्या चेहऱ्यावर नुसता पायांचा थकवा होता. ज्या रात्रीचा तो एकटाच साक्षीदार आहे असं त्याने धरलं होतं, त्या रात्रीला आणखी एक साक्षीदार निघाला होता, आणि त्याला तो तपासता येत नव्हता.

"आता मला सांगा," ओपल म्हणाली, "तुम्हाला उठवायचं कसं? मला रात्रभर चार वेळा यायचंय. दर वेळी मी खाली बसणार नाही."

चोपन्न वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. उत्तर त्याला स्वतःला त्याच दिवशी सकाळी कळलं होतं.

"दारातून," तो म्हणाला. "आधी माझं नाव. मग तुमचं. हात लावायचा नाही. डोळे उघडले तरी थांबायचं जरा, मी ओळखेपर्यंत."

"एवढंच?"

"एवढंच."

समोरच्या भिंतीवर पांढरा फळा होता. ओपलने त्यावर ते मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मग ती गेली. आर्वो फळ्याकडे पाहत बसला. बाहेर गाड्या ढकलल्या जात होत्या, कुणीतरी हसत होतं, एक यंत्र दर काही क्षणांनी टिकटिकत होतं. तो प्रत्येक आवाज वेगळा करून ऐकत राहिला. हा चाकांचा, हा बुटांचा, हा कुणाचा ते माहीत नाही. तो माहीत नसलेला आवाज पुन्हा येईल म्हणून त्याने कान टवकारले आणि वाट पाहिली.

"आर्वो केस्टिला. मी ओपल."

दारात ती उभी होती. तिच्यामागे पेलाभर कॉफी घेऊन मार्लीन, आणि खिडकीतला उजेड बदललेला. आर्वोचं हृदय धडधडत होतं, एक पाय पलंगाखाली उतरला होता, जमिनीवर टेकलासुद्धा होता. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही पोटावर होते, मुठी न वळलेले.

"ओळखलं का?" ओपलने दारातूनच विचारलं.

"जरा थांबा," आर्वो म्हणाला. ती थांबली.